तुतारीच्या तोंडाचा स्क्रू

लोणावळा, खंडाळा, तुंगार्लीच्या बंगल्यांत जिप्सम बोर्डाची पार्टिशन्स आता सर्रास दिसतात. ती तोलून धरणारा काळा स्क्रू हातात घेऊन बघा. त्याचं डोकं लाकडाच्या स्क्रूसारखं सरळ उताराचं नाही. तुतारीच्या तोंडासारखं हळूहळू पसरत जातं. त्यामुळे बोर्डावरचा कागद न फाटता आत दबतो. बोर्डाची खरी ताकद त्या कागदातच आहे. तो फाटला की स्क्रू नुसत्या ठिसूळ जिप्समात उरतो आणि पकड संपते. मग त्याच भोकात पुन्हा पिळू नये; दोन इंच बाजूला नवा स्क्रू मारावा.

साडेबारा मिलिमीटरच्या बोर्डाला सहसा २५ मिलिमीटरचा स्क्रू लागतो. पत्र्याच्या स्टडसाठी, म्हणजे आतल्या उभ्या पट्टीसाठी, बारीक आट्यांचा, लाकडासाठी विरळ आट्यांचा. अदलाबदल केली तर पत्र्यात स्क्रू नुसता गरगर फिरतो.

मावळात मात्र खरी परीक्षा पावसाची. लोणावळ्यात वर्षाला ४,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि बंद बंगल्यांत ओल महिनोन्महिने मुरते. नेहमीच्या स्क्रूवरचा काळा फॉस्फेटचा थर अशा ओलीत फार टिकत नाही. गंजाचे तांबूस ठिपके पुट्टीतून वर येतात. रंगाचा नवा हात देऊनही ते झाकले जात नाहीत. माझ्या मते सुधारणा हवी ती इथेच, या थरात. तोवर न्हाणीघर, स्वयंपाकघर आणि पावसाच्या बाजूच्या भिंतींसाठी जस्ताचा मुलामा असलेले स्क्रूच मागून घ्या.