ट्यूलिप अकोल्यात? आधी कांदा लावा!

तुळशीचं लग्न लागलं, कापसाची वेचणी सुरू झाली, सकाळी अंगावर शाल आली, की हात शिवशिवायला लागतात: कुंडीत काहीतरी लावावं! त्यात मोबाइलवर हॉलंडचे ट्यूलिपचे ताटवे दिसतात. जरा दमानं घ्या.

ट्यूलिपचे नखरे
या कंदाला फुलायच्या आधी तीनेक महिने सलग थंडी लागते, तीही ९ अंशांच्या खालची. आपल्या अमरावती-अकोल्यात लाट आली तर पारा चार रात्री दहाच्या खाली उतरतो आणि दुपारी स्वेटर काढायला लावतो. म्हणून हौशी मंडळी कंद फ्रिजमध्ये ठेवतात. ठेवा, पण शेजारी सफरचंद नको. पिकत्या फळातून इथिलीन वायू निघतो आणि कंदाच्या पोटातली कळी तिथंच मरते. एवढं करून फूल आलंच, तरी तो एका हंगामाचा पाहुणा. पुढे ४५ अंशांचा उन्हाळा उभा असतो.

फुलाचा कंद ताटात
याच ट्यूलिपच्या सट्ट्यात १६३७ साली डच लोकांचे हात पोळले. १९४४-४५च्या उपासमारीच्या हिवाळ्यात त्यांच्यावर तेच कंद उकडून खायची वेळ आली. त्यांनी फुलाचा कंद खाल्ला; आपण खायचा कंद फुलवू!

टोपलीतला हिरो
दिवाळीनंतर साठवणीच्या कांद्याला कोंब फुटतात आणि घरोघरी तो फेकला जातो. थांबा! युरोपात बागेसाठी शरद ऋतूत ‘अ‍ॅलियम’चे कंद महाग विकत घेतात, वसंतात जांभळे चेंडू फुलावेत म्हणून. आपला कांदा त्याच कुळातला. बियाण्यासाठी शेतकरी ऑक्टोबर-नोव्हेंबरात कांदेच लावतात. पुष्कळ जण वरचा एक तृतीयांश भाग कापतात, म्हणजे कोंब लवकर सुटतात. कोंब आधीच बाहेर आला असेल तर विळी बाजूला ठेवा.

बारा इंची कुंडीत तीन कांदे पुरे. नुसती काळी माती भरू नका. ती पाणी धरून ठेवते आणि कंद सडतो. निम्मी माती, बाकी वाळू आणि कुजलेलं शेणखत. वऱ्हाडची थंडी ट्यूलिपला पुरत नसली तरी कांद्याला चालते. थंडी मुरली की पातीतून पोकळ दांडा निघतो, खालच्या अंगाला फुगलेला. टोकावर पातळ कागदी पिशवी असते. ती तडकते आणि आतून शेकडो बारीक चांदण्यांचा गोंडा बाहेर येतो. सगळ्या एकदम उमलत नाहीत, त्यामुळे गोंडा दोन-तीन आठवडे टिकतो. मधमाश्या तर हटत नाहीत.

गंमत म्हणजे कांदा लाल असो की अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाचा ‘अकोला सफेद’, फूल पांढरंच! गोंडा वाळला की काळं, कोनेदार बी झटका. ते फार दिवस टिकत नाही. पुढच्याच हंगामात पेरा.

डब्याचं गणित
कंद म्हणजे वाईट दिवसांसाठीचा डबा. हॉलंडात वाईट दिवस बर्फाचे, आपल्याकडे वैशाखाचे. त्या डब्याच्या जोरावर इथला रानकांदा तापल्या, कोरड्या जमिनीतून आधी फूल काढतो. पानं पावसावर सोडून देतो. ‘मे फ्लॉवर’ नावाचा लाल चेंडूही पहिल्या वळवाच्या आसपास उगवतो. (निशिगंध? तो एप्रिल-मेमध्ये लावायचा. आता घाई नको.)

आता आणखी काय लावाल?
ग्लॅडिओलस. नोव्हेंबरात चार बोटं खोल पुरा, दोन-अडीच महिन्यांत तुरा. फुलं खालून वर उमलत जातात. काढणीला उकरून पाहा: लावलेला कंद सुकून चपटा झालेला असतो आणि त्याच्या डोक्यावर नवा कोरा कंद बसलेला असतो!

अ‍ॅमरिलिस म्हणजे नर्सरीवाल्यांची ‘मोठी लिली’ आधीच कुंडीत असेल तर काहीच करू नका. खरंच. फक्त डिसेंबरात पाणी तोडा, फेब्रुवारीत परत द्या. होळीच्या सुमारास भोंग्यासारखी लाल फुलं. नवी लावायची तर कंदाची मान मातीबाहेर ठेवा. आणि हा कंद स्वयंपाकघरात मुळीच ठेवू नका. हुबेहूब कांद्यासारखा दिसतो, पण विषारी असतो.