शह, मात आणि तलत

रविवारी सकाळी आठ वाजता तुम्ही काय करता? झोपता ना? मीपण! पण गेल्या महिन्यात एका स्टोरीच्या नादात कोथरूडमधल्या एका बागेत पोहोचले आणि तिथल्या बुद्धिबळाच्या कट्ट्यावर चक्क रमले.

सात-आठ काका, दोन पट, एक थर्मास. सगळे पंचाहत्तरीच्या पुढचे. नियम एकच : हरेल त्याने चहा पाजायचा, जिंकेल त्याने मोबाइलवर आपल्या आवडीचं गाणं लावायचं. त्यामुळे राजा वाचवण्यापेक्षा समोरच्याचा गायक टाळायलाच मंडळी जास्त जिवावर उदार होऊन खेळतात! बँकेतून रिटायर झालेले काका तलत महमूदचे भक्त, मास्तर रफीचे.

‘‘तलतचा आवाज थरथरतो रे.’’

‘‘थरथरत नाही, लाजतो तो. शह!’’

या दोघांची गोष्ट भारी आहे. १९७१ मध्ये बँकवाल्या काकांची बीडला बदली झाली. एक खोली, खानावळ आणि रेडिओ. खेळायला कुणी नाही. मग पुण्यातल्या मास्तरांशी पोस्टकार्डावर डाव सुरू झाला. एका कार्डावर एक चाल, उत्तर चार-पाच दिवसांनी. खाली उरलेल्या जागेत बुधवारच्या बिनाका गीतमालात कुठलं गाणं वर चढलं, ते. १९७२ मध्ये रेक्याविकला फिशर-स्पास्की लढत चालली होती, तेव्हा पेपरात छापून आलेल्या चालींवरची भांडणंसुद्धा कार्डावरच. काकांचं लग्न ठरल्याची बातमी घोड्याच्या चालीखाली गेली होती!

‘‘एका कार्डावर मात्र चाल नव्हती,’’ काका म्हणाले. ‘‘फक्त ‘आई गेली’ एवढंच लिहिलं. उत्तराची वाट बघत होतो, तर हाच एसटीतून उतरला. काखेत पट.’’

मास्तर पटावरून नजर न काढता म्हणाले, ‘‘तुझी चाल आहे.’’

दिवाळीनंतर काका मुलाकडे नागपूरला जाताहेत, कायमचे. ‘‘दिव्या देशमुखच्या गावाला चाललाय, आता तरी सुधारेल,’’ असं मास्तर सगळ्यांना सांगत सुटलेत. (२०२५ चा महिला विश्वचषक जिंकून दिव्या ग्रँडमास्टर झाली, तो दिवस कट्ट्याने पेढे वाटून साजरा केला होता.) पण हल्ली मास्तर लवकर येतात आणि डाव लांबवतात, हे माझ्यासारख्या कच्च्या लिंबूच्याही लक्षात आलंय.

मी हौसेने दोघांच्या फोनवर चेसचं अ‍ॅप टाकून दिलं. काकांनी उलटसुलट करून बघितलं. ‘‘यात खाली लिहायला जागा कुठंय?’’

चॅट असतो काका, असं म्हणणार होते. गप्प बसले.

‘‘पोस्टकार्ड अजून मिळतं का गं?’’

मिळतं. पन्नास पैशांना. पुढच्या रविवारी वीस नेऊन दिली. मास्तरांनी त्यातली दहा मोजून खिशात घातली आणि पांढरी मोहरी मांडायला घेतली.

तो डाव मास्तर जिंकले. रफी लागला. काकांनी मुकाट्याने चहा ओतला.