मोजमापाचे शिक्षण आणि प्रयोगवहीतील सत्य

भारतात वजने व मापे यांच्या प्रमाणांसंबंधीचा कायदा १९५६ साली झाला. १ एप्रिल १९५७ रोजी रुपयाचे शंभर नये पैसे झाले आणि १ ऑक्टोबर १९५८ पासून दशमान वजने टप्प्याटप्प्याने बाजारात आली. शेर, मण, पायली मागे पडली. किलोग्रॅम, लिटर, मीटर रूढ झाले. एवढ्या मोठ्या देशाने थोड्या वर्षांत घडवून आणलेले हे परिवर्तन निःसंशय कौतुकास्पद होते. परंतु व्यवहारात रुळलेली ही पद्धती विद्यार्थ्यांच्या विचारात कितपत रुजली, हा प्रश्न अजूनही विचारावा लागतो.

शाळेत या पद्धतीची ओळख बहुधा कोष्टकाने होते. दहा मिलिमीटरचा एक सेंटिमीटर, शंभर सेंटिमीटरचा एक मीटर, ही घोकंपट्टी पुरी झाली की दशांशचिन्ह डावीउजवीकडे सरकवण्याची उदाहरणे सुरू होतात. ती बिनचूक सोडवणाऱ्या मुलाला वर्गाच्या दाराची उंची अंदाजाने विचारली तर मात्र तो गोंधळतो. घरी माणसाची उंची फूट-इंचांत आणि जमीन गुंठ्यांत सांगितली जाते. मूळच्या सुमारे ११.६६ ग्रॅमांच्या तोळ्याचे नाव सराफाकडे दहा ग्रॅमांना चिकटून राहिले आहे. साहजिकच मीटर हा त्याच्या लेखी वहीतला शब्द राहतो.

याहूनही गंभीर दोष प्रयोगशाळेत आढळतो. लंबकाच्या प्रयोगात गुरुत्वत्वरणाचे उत्तर ९.८ च्या आसपास यावयास हवे, हे विद्यार्थ्याला आधीच ठाऊक असते. ते आले नाही तर उत्तरावरून उलट गणित करून निरीक्षणे ‘तयार’ केली जातात. प्रयोगवही नीटनेटकी दिसते, गुणही मिळतात. मापन मात्र झालेलेच नसते.

या संदर्भात मीटरची जन्मकथा प्रत्येक वर्गात सांगण्याजोगी आहे. उत्तर ध्रुवापासून विषुववृत्तापर्यंतच्या अंतराचा एक कोट्यंश म्हणजे मीटर, असे फ्रेंच राज्यक्रांतीच्या काळात ठरले. त्यासाठी डंकर्क ते बार्सेलोना हे अंतर मोजण्याची कामगिरी १७९२ मध्ये देलांब्र आणि मेशँ या दोन खगोलशास्त्रज्ञांवर सोपविण्यात आली. दक्षिणेकडील भाग मेशँकडे होता. बार्सेलोनाचे अक्षांश त्याने दोन ठिकाणांहून ताऱ्यांचे वेध घेऊन काढले. त्या दोन उत्तरांत कोनाच्या सुमारे तीन सेकंदांची विसंगती निघाली. हा अत्यंत काटेकोर वृत्तीचा माणूस त्यामुळे खचला आणि त्याने ती विसंगती लपवून ठेवली. ते शल्य त्याला १८०४ मधील मृत्यूपर्यंत छळत राहिले. पुढे त्याचे कागद हाती आल्यावर देलांब्रला सारा प्रकार उमगला. त्याने ते कागद नष्ट केले नाहीत, पॅरिसच्या वेधशाळेत जपून ठेवले. मूळ मीटर अपेक्षेपेक्षा सुमारे ०.२ मिलिमीटर आखूड ठरला खरा. परंतु त्याचे मुख्य कारण पृथ्वीच्या आकाराविषयीचे गृहीत हे होते. मेशँने लपविलेल्या फरकाचा त्यात फारसा वाटा नव्हता. उत्तम उपकरण आणि कुशल हात असूनही निरीक्षणांत फरक पडतोच, तो लपविण्याऐवजी नोंदवावयाचा असतो, हा या कथेचा बोध होय.

हा धडा देण्यास महागडी साधने लागत नाहीत. एकच बाक दहा विद्यार्थ्यांनी मिलिमीटरपर्यंत मोजावे आणि दहाही आकडे फळ्यावर लिहावेत. ते का जुळत नाहीत, याची चर्चा व्हावी. मगच सरासरी काढावी. दहा सेंटिमीटर बाजूच्या डब्यात एक लिटर पाणी मावते आणि त्याचे वस्तुमान जवळजवळ एक किलोग्रॅम भरते, हे मुलाने स्वतः पडताळले की लांबी, आकारमान आणि वस्तुमान यांचे नाते त्याला पाठ करावे लागत नाही. शिक्षकांनी मोजण्याआधी अंदाज लिहून घ्यावा, एककाविना उत्तर स्वीकारू नये आणि परीक्षकांनी पुस्तकी उत्तरापेक्षा प्रामाणिक नोंदीला गुण द्यावेत.

१९८३ पासून मीटरची व्याख्या प्रकाशाच्या वेगावर आधारलेली आहे. २० मे २०१९ पासून किलोग्रॅमही धातूच्या ठोकळ्यावर अवलंबून राहिलेला नाही. व्याख्या अशा बदलत राहतील. परंतु जे दिसले तेच लिहावे, ही शिस्त बदलणारी नाही, आणि ती लावण्याची जागा शाळेची प्रयोगशाळा हीच आहे.