दुधाच्या दातांची जुळणी

‘दुधाचेच दात, आज ना उद्या पडणारच, काढून टाका,’ असा आग्रह सेनगाव परिसरातील पालक आमच्याकडे वारंवार धरतात. म्हणून हे निवेदन.

साधारणतः अडीच-तीन वर्षांपर्यंत बालकाचे २० दात पूर्ण होतात. त्यांच्यामधील फटी पाहून घरची मंडळी चिंतित होतात. वास्तविक ते सुचिन्ह होय. पुढे येणारे पटाशीचे कायमचे दात अधिक रुंद असून त्यांना ती जागा लागते. दात खेटून बसलेले असल्यास पुढे दाटी होण्याचा संभव अधिक.

खरी मेख दाढांत आहे. सहाव्या वर्षाच्या सुमारास दुधाच्या शेवटच्या दाढेमागे पहिली कायमची दाढ उगवते. ती कोणत्याही दाताच्या जागी येत नसल्याने पुष्कळांना तीही दुधाचीच वाटते. पुढच्या दुधाच्या दाढेच्या आधाराने ती आपली जागा धरते. किडलेली दुधाची दाढ अकाली काढली की तो आधार जातो, कायमची दाढ पुढे सरकते आणि १० ते १२ वर्षे वयात येणाऱ्या उपदाढेची जागा बळकावते. आम्ही हिशेबाची माणसे याला मुदतीपूर्वी मोडलेली ठेव म्हणू! दाढ वाचणारच नसेल, तर जागा राखणारी तारेची कडी बसवता येते.

अंगठा चोखण्याने पुढील दातांत पडलेली फट, सवय तीन-चार वर्षांच्या आत सुटल्यास बहुधा आपोआप भरून येते.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ २०१३ मध्ये पालघर येथे झाला. त्याअन्वये अंगणवाडीत वर्षातून दोनदा होणाऱ्या तपासणीत दातही पाहिले जातात. त्या दिवशी बालकास अवश्य पाठवावे, ही विनंती.