जमीनधारणेचे खरे चित्र : आयतालेख कसा काढावा, कसा वाचावा

देशातील शेतकरी सरासरी किती जमीन कसतो, या प्रश्नाचे उत्तर एका आकड्यात देता येते. २०१५-१६ च्या कृषी गणनेनुसार भारतातील एका वहिती खात्याचे सरासरी क्षेत्र १.०८ हेक्टर इतके होते. हा आकडा अचूक आहे. परंतु तो ऐकून मनात जे चित्र उभे राहते, ते मात्र अचूक नसते. साधारणपणे प्रत्येक शेतकऱ्याच्या वाट्याला एक-सव्वा हेक्टर जमीन येत असावी, असा समज त्यातून होतो. प्रत्यक्षात त्याच गणनेनुसार दर शंभर खात्यांपैकी अडुसष्ट खाती एक हेक्टरच्या आतली होती. म्हणजे सरासरी ज्या गटात पडते, त्या गटात बहुसंख्य शेतकरी नाहीतच. सरासरी जे झाकून ठेवते, ते उघड करून दाखविण्याचे एक साधे आणि विश्वसनीय साधन संख्याशास्त्राने दिलेले आहे. त्याचे नाव आयतालेख.

कार्ल पिअर्सन या ब्रिटिश संख्याशास्त्रज्ञाने १८९५ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या निबंधात या आलेखासाठी ‘हिस्टोग्राम’ हे नाव वापरले. मराठी पाठ्यपुस्तकांतून तो ‘आयतालेख’ या नावाने परिचित आहे. शालान्त परीक्षेसाठी तो काढावा लागतो आणि परीक्षा संपताच बहुधा विस्मरणात जातो. परंतु शासकीय अहवाल, जनगणना, कृषी गणना, पीक पाहणी यांतील आकडे ज्यांना वाचावे लागतात, त्या ग्रामसेवकापासून जिल्हा परिषद सदस्यापर्यंत सर्वांनाच हे साधन उपयोगी पडणारे आहे.

पिंपळे सौदागरचा धडा

जमीनधारणेचा शास्त्रशुद्ध अभ्यास महाराष्ट्राला नवा नाही. पुण्याच्या शेतकी महाविद्यालयाचे प्राचार्य डॉ. हॅरॉल्ड मान यांनी पुण्याजवळच्या पिंपळे सौदागर या गावाची पाहणी करून १९१७ साली तिचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. या गावात १७७१ साली खात्याचे सरासरी क्षेत्र सुमारे ४० एकर होते. १९१४-१५ पर्यंत ते सुमारे ७ एकरांवर आले, असे त्यांना आढळले. आज हे गाव पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेच्या हद्दीत आहे आणि तेथील शेतीची जागा इमारतींनी घेतली आहे. परंतु पिढ्यान्‌पिढ्या होणाऱ्या वाटण्यांमुळे जमिनीचे तुकडे पडत जातात, ही गोष्ट त्या पाहणीने आकड्यांनिशी दाखवून दिली. पुढे १९४७ साली मुंबई राज्यात तुकडेबंदी व एकत्रीकरणाचा कायदा झाला, त्यामागेही हाच प्रश्न होता.

एका गावाची पाहणी करताना प्रत्येक खाते स्वतंत्रपणे पाहता येते. संपूर्ण देशाची गोष्ट निराळी. भारतात १९७०-७१ पासून साधारणतः दर पाच वर्षांनी कृषी गणना होते. तिच्यात मालकीपेक्षा वहिवाटीला महत्त्व असते. जमीन कोणाच्याही नावावर असो, एका व्यक्तीकडून एकट्याने किंवा इतरांसमवेत जी एकत्रितपणे कसली जाते, ती एक वहिती खाते म्हणून मोजली जाते. २०१५-१६ मध्ये अशी सुमारे १,४६४.५ लाख खाती होती. एवढ्या खात्यांची यादी कोणी वाचू शकणार नाही. म्हणून ती क्षेत्रानुसार वर्गांत विभागली जातात आणि प्रत्येक वर्गात किती खाती पडली, हे लिहिले जाते. वर्गात पडलेल्या या संख्येस त्या वर्गाची वारंवारता म्हणतात.

२०१५-१६ च्या गणनेची वर्गीकृत सारणी पुढीलप्रमाणे आहे :

अत्यल्प (१ हेक्टरपेक्षा कमी) – १,००२.५ लाख खाती
अल्प (१ ते २ हेक्टर) – २५८.१ लाख खाती
निम-मध्यम (२ ते ४ हेक्टर) – १३९.९ लाख खाती
मध्यम (४ ते १० हेक्टर) – ५५.६ लाख खाती
मोठी (१० हेक्टर व अधिक) – ८.४ लाख खाती

वर्ग सलग असावेत

आयतालेख काढण्यापूर्वी एक गोष्ट तपासून पाहावी लागते : वर्ग एकमेकांना लागून आहेत काय? वरील सारणीत ‘१ ते २’ याचा अर्थ १ हेक्टर किंवा अधिक, परंतु २ हेक्टरपेक्षा कमी, असा आहे. बरोबर २ हेक्टरचे खाते पुढील वर्गात जाते. त्यामुळे कोणतेही खाते दोनदा मोजले जात नाही आणि कोणतेही सुटत नाही.

काही सारण्यांत मात्र वर्ग निराळ्या पद्धतीने लिहिलेले असतात. समजा, एखाद्या गावात क्षेत्राची नोंद जवळच्या पूर्ण एकरात केली आणि १ ते ५, ६ ते १०, ११ ते १५ असे वर्ग पाडले. येथे ५ आणि ६ यांच्यामध्ये रिकामी जागा दिसते. परंतु जमीन ही मोजून एक-एक देता येणारी वस्तू नव्हे. साडेपाच एकरही असू शकतात. अशा वेळी दोन्ही मर्यादांच्या मधला बिंदू घेऊन वर्ग ०.५ ते ५.५, ५.५ ते १०.५, १०.५ ते १५.५ असे सलग करून घ्यावे लागतात. हे केले नाही तर आयतांमध्ये फटी राहतात आणि त्या क्षेत्राची खातीच गावात नाहीत, असा भलताच अर्थ निघतो.

स्तंभालेख आणि आयतालेख यांतील फरक येथेच आहे. ज्वारी, कापूस, ऊस अशा पिकांखालील क्षेत्र दाखविणारे स्तंभ सुटे असतात. त्यांची रुंदी आवडीप्रमाणे ठेवता येते, क्रम बदलता येतो आणि केवळ उंची वाचली जाते. आयतालेखात आडव्या अक्षावर मोजपट्टी असते. तेथे आयत एकमेकांना चिकटून उभे राहतात, त्यांचा क्रम बदलता येत नाही आणि त्यांच्या रुंदीलाही अर्थ असतो.

उंची नव्हे, क्षेत्रफळ

आता वरील सारणीचा आलेख काढू. क्ष-अक्षावर १ सेंटिमीटर म्हणजे १ हेक्टर आणि य-अक्षावर १ सेंटिमीटर म्हणजे १०० लाख खाती, असे प्रमाण घेऊ. खुल्या टोकाचा शेवटचा वर्ग तूर्त बाजूला ठेवू.

सर्वसाधारण माणूस वारंवारता हीच आयताची उंची धरतो. तसे केल्यास चार आयतांच्या उंची अनुक्रमे सुमारे १०, २.६, १.४ आणि ०.५६ सेंटिमीटर येतील. वरकरणी यात काही चुकल्यासारखे वाटत नाही. परंतु वर्गांची रुंदी पाहावी. पहिले दोन वर्ग एकेक हेक्टरचे, तिसरा दोन हेक्टरचा आणि चौथा सहा हेक्टरचा आहे. म्हणून अल्प खात्यांच्या आयताचे क्षेत्रफळ सुमारे २.६ चौरस सेंटिमीटर, निम-मध्यमचे २.८ आणि मध्यमचे ३.३ चौरस सेंटिमीटर होते. डोळा रंगवलेला भाग पाहतो आणि मध्यम खाती अल्प खात्यांपेक्षा अधिक आहेत, असे समजतो. वस्तुतः अल्प खाती मध्यम खात्यांच्या साडेचार पटींहून अधिक आहेत. आकडे सर्व खरे, तरीही चित्र खोटे, असा हा प्रकार आहे.

यावरचा उपाय अगदी सोपा आहे. प्रत्येक वर्गाच्या वारंवारतेला त्या वर्गाच्या रुंदीने भागावे. जो भागाकार येतो त्यास वारंवारता घनता म्हणतात आणि तीच आयताची उंची असते. म्हणजेच य-अक्षावर आता केवळ खात्यांची संख्या नसून ‘दर हेक्टर रुंदीमागे खाती’ दाखविली जातात. पहिल्या दोन वर्गांची रुंदी १ असल्याने त्यांची उंची बदलत नाही. निम-मध्यम वर्गासाठी १३९.९ भागिले २, म्हणजे सुमारे ७० लाख. मध्यम वर्गासाठी ५५.६ भागिले ६, म्हणजे सुमारे ९.३ लाख. कागदावर या उंची अनुक्रमे ७ मिलिमीटर आणि जेमतेम १ मिलिमीटर होतात.

हे चित्र बोलके आहे. डाव्या टोकाला दहा सेंटिमीटरचा उंच सुळका, त्याच्या शेजारी एकदम खाली उतरलेली पायरी आणि पुढे उजवीकडे जमिनीलगत पसरत गेलेली पातळ पट्टी. चारही आयतांच्या क्षेत्रफळांची बेरीज सुमारे १४.५६ चौरस सेंटिमीटर येते आणि एका चौरस सेंटिमीटरला १०० लाख खाती या हिशेबाने ती सुमारे १,४५६ लाख खाती होतात. सारणीतील पहिल्या चार वर्गांची बेरीजही तेवढीच आहे. आयतालेख बरोबर काढला की नाही, हे पडताळण्याची ही हुकमी कसोटी होय : क्षेत्रफळांची बेरीज एकूण वारंवारतेइतकी आलीच पाहिजे.

‘१० हेक्टर व अधिक’ या शेवटच्या वर्गाला वरची मर्यादा नाही. तो दाखवावयाचा झाल्यास एखादी मर्यादा, उदाहरणार्थ २० हेक्टर, गृहीत धरावी लागते. तसे केल्याचे आलेखाखाली स्पष्टपणे नमूद करावे. अन्यथा तो वर्ग न काढता त्यातील खात्यांची संख्या तळटीपेत द्यावी. गृहीतक लपविणे मात्र योग्य नव्हे.

आयताचा सपाट माथा

आयतालेख वाचताना त्याच्या मर्यादाही ओळखल्या पाहिजेत. आयताचा माथा सपाट असतो, याचा अर्थ त्या वर्गातील खाती सर्वत्र सारख्या प्रमाणात विखुरलेली आहेत, असे आपण मानलेले असते. तसे असते तर अत्यल्प खात्यांचे सरासरी क्षेत्र वर्गाच्या मध्यावर, म्हणजे ०.५० हेक्टर आले असते. प्रत्यक्षात २०१५-१६ मध्ये ते ०.३८ हेक्टर, म्हणजे एका एकराहूनही थोडे कमी होते. याचाच अर्थ या उंच आयताच्या आतही खात्यांची गर्दी शून्याच्या बाजूला अधिक आहे. म्हणूनच कृषी गणनेच्या सविस्तर सारण्यांत हा वर्ग अर्ध्या हेक्टरवर पुन्हा विभागलेला असतो. वर्ग फार रुंद घेतल्यास महत्त्वाचा तपशील झाकला जातो आणि फार अरुंद घेतल्यास आलेख दातेरी होऊन मुख्य आकार हरवतो. वर्ग किती पाडावेत, हा विवेकाचा प्रश्न आहे.

योजनेची मर्यादा आणि आलेख

या आलेखाचा व्यवहारात उपयोग काय, असे कोणी विचारील. २०१९ च्या प्रारंभी प्रधानमंत्री किसान सन्मान निधी योजना जाहीर झाली, तेव्हा ती दोन हेक्टरपर्यंत जमीन असलेल्या शेतकरी कुटुंबांपुरती होती. त्याच वर्षी पुढे ही मर्यादा काढून टाकण्यात आली. योजनेची पात्रता जमिनीच्या मालकीवर ठरते आणि कृषी गणना वहिवाट मोजते, हा फरक ध्यानात ठेवला पाहिजे. तथापि अशा मर्यादेचा आवाका किती, याचा अंदाज आयतालेखावरून येतो. दोन हेक्टरवर उभी रेघ मारली की तिच्या डावीकडे १,२६०.६ लाख, म्हणजे शेकडा ८६ खाती येतात. समजा, ती रेघ तीन हेक्टरवर नेली, तर निम-मध्यम आयताचा निम्मा भाग, म्हणजे आणखी सुमारे ७० लाख खाती आत येतील. आलेखाचा उतार पाहता प्रत्यक्ष संख्या याहून काहीशी जास्तच असणार, कारण खाती तीन-चार हेक्टरांपेक्षा दोन-तीन हेक्टरांच्या दरम्यान अधिक असण्याचा संभव आहे. मर्यादा एका हेक्टरने सरकली की किती कुटुंबांच्या जीवनाला स्पर्श होतो, हे असे एका दृष्टिक्षेपात कळते.

पंचेचाळीस वर्षांतील बदल

दोन काळांची तुलना करताना आणखी एक पथ्य पाळावे लागते. १९७०-७१ मध्ये एकूण वहिती खाती ७१०.१ लाख होती. २०१५-१६ पर्यंत ती दुपटीहून अधिक झाली. त्यामुळे दोन्ही आलेख संख्येऐवजी शेकडेवारीने काढावेत, म्हणजे दोन्हींचे एकूण क्षेत्रफळ समान राहते आणि केवळ आकारातील बदल नजरेत भरतो. १९७०-७१ मध्ये अत्यल्प खाती शेकडा ५१ होती, ती २०१५-१६ मध्ये ६८.५ झाली. मध्यम खाती ११.२ वरून ३.८ वर आणि मोठी खाती ३.९ वरून ०.६ वर आली. सरासरी क्षेत्र २.२८ हेक्टरवरून १.०८ हेक्टरवर घसरले. दोन्ही आलेख एकाखाली एक ठेवले की उजवीकडची पट्टी विरत गेलेली आणि डावीकडचा सुळका आणखी वर चढलेला दिसतो. पिंपळे सौदागरात डॉ. मान यांनी जे पाहिले, तेच देशाच्या पातळीवर घडत गेल्याचे हे चित्र आहे.

सिंचनाचे नियोजन असो, पीक कर्जाची मर्यादा असो अथवा अवजारांसाठी अनुदान असो, सरासरी शेतकरी डोळ्यांसमोर ठेवून आखलेली योजना त्या उंच सुळक्यात दाटीने उभ्या असलेल्या शेतकऱ्याच्या मापाची होईलच असे नाही. त्याचे अर्धा-पाऊण एकराचे शेत सरासरीत दिसत नाही. योग्य रीतीने काढलेल्या आयतालेखात ते ठळकपणे दिसते. एक पट्टी, एक पेन्सिल आणि रुंदीने भागण्याची तसदी, एवढ्यावर हे काम होण्यासारखे आहे. गावोगावच्या शाळांतून, ग्रामपंचायतींतून आणि सहकारी संस्थांतून आपापल्या गावाच्या खात्यांचा असा एक आलेख भिंतीवर लागला, तर गावाच्या विकासाची चर्चा अंदाजावर न होता वस्तुस्थितीवर होऊ लागेल.