लीळा : प्रसंगकथन आणि सामूहिक स्मृती

एखाद्या व्यक्तीच्या आयुष्यातील छोटा, स्वयंपूर्ण प्रसंग सांगणे हा कथनाचा अतिशय जुना प्रकार होय. तथापि चरित्रलेखनाच्या चर्चेत अशा प्रसंगांकडे बहुधा सजावट म्हणून पाहिले जाते. महानुभाव पंथाच्या ‘लीळाचरित्रा’चे स्वरूप लक्षात घेता ही दृष्टी अपुरी ठरते. येथे प्रसंगांवेगळे चरित्रच नाही.

श्रीचक्रधरांच्या उत्तरापंथगमनानंतर, तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात, म्हाइंभटांनी त्यांच्या आठवणी संकलित केल्या. ज्याच्यासमोर प्रसंग घडला त्याच्याकडे जाऊन तो ऐकावयाचा आणि नागदेवाचार्यांकडून त्याची खातरजमा करून घ्यावयाची, अशी त्यांची पद्धत परंपरा सांगते. बहुतेक लीळा आकाराने लहान आहेत. गाव, देऊळ, उपस्थित भक्त, भोजनाचे वा प्रवासाचे एखादे निमित्त आणि त्या निमित्ताने निघालेले स्वामींचे वचन, एवढाच त्यांचा ऐवज. ऐकणाऱ्याच्या मनात आधी जागा व माणसे ठसतात आणि वचन त्यांच्या आधाराने टिकते. लीळा घडलेल्या स्थानांची नोंद करणारी ‘स्थानपोथी’ पंथात निर्माण झाली, यामागेही हेच कारण दिसते.

केसोबासांनी स्वामींची वचने वेगळी काढून ‘सूत्रपाठ’ सिद्ध केला. परंतु तेच सूत्र कोणाला, कोणत्या प्रश्नावर सांगितले हे कळल्याखेरीज त्याचा अर्थ निश्चित होत नाही. त्यामुळे पुढील भाष्यकारांना सूत्रामागील प्रकरण पुन्हा शोधावे लागले. सूत्र मुखोद्गत असलेल्या अभ्यासकालाही लीळेकडे परतावे लागते, हे लक्षणीय आहे.

परंपरेनुसार मूळ ग्रंथ पुढे परचक्राच्या धामधुमीत नष्ट झाला आणि अनुयायांनी तो स्मरणातून पुन्हा उभा केला. असामान्य स्मरणशक्तीबद्दल ख्यात असलेल्या हिराइसांचे नाव या संदर्भात आवर्जून घेतले जाते. अनेकांच्या आठवणी एकत्र आल्या तेव्हा तपशिलांत फरक पडणे अटळ होते. हे भेद पुसून न टाकता ‘वासना’ म्हणून, म्हणजे पाठभेद म्हणून, नोंदविण्याची पद्धत पंथाने स्वीकारली. परशरामबास, रामेश्वरबास अशी नावे त्यामुळे पाठांशी जोडलेली आढळतात. स्मरण म्हणजे पुनर्रचना, असे फ्रेडरिक बार्टलेट यांनी १९३२ मध्ये प्रयोगांच्या आधारे मांडले. या नोंदींतून त्या पुनर्रचनेच्या खुणा हस्तलिखितांतच उमटल्या आहेत. एकच ‘शुद्ध’ पाठ ठरविण्याच्या आग्रहापायी वासना तळटीपेत ढकलणारा संपादक स्मृतीच्या अभ्यासकाचे मोठे साधन हिरावून घेतो.

‘एकांक’ या भागाचा प्रश्न मात्र निराळा आहे. त्यातील एकाकी भ्रमंतीच्या काळात शिष्य सोबत नव्हते. ते प्रसंग स्वामींनीच पुढे भक्तांना सांगितले, असे मानले जाते. तेथे एका साक्षीदाराची आठवण दुसऱ्याच्या आठवणीशी ताडून पाहण्याची सोय नाही. ताडता येते ते फक्त ऐकणाऱ्यांचे स्मरण.