रंगाआधी ईसी

चेन्नईत जुना फ्लॅट विकायचे ठरले की बहुतेक घरांतून आधी रंगाऱ्याला बोलावणे जाते. माझ्या मते पहिला खर्च कागदांवर व्हायला हवा. इथल्या खरेदीदाराला सात टक्के मुद्रांक शुल्क आणि दोन टक्के नोंदणी फी भरावी लागते, म्हणजे कोटीच्या घरावर आणखी साधारण नऊ लाख. तो स्वतः चकचकीत भिंतींवर भाळला, तरी त्याला कर्ज देणाऱ्या बँकेचा वकील घर पाहायला येतच नाही. त्याच्या टेबलावर जातात ते मागच्या दस्तांची साखळी, पट्टा (जमिनीच्या मालकीची महसुली नोंद), मंजूर नकाशा आणि ईसी, म्हणजे बोजाचा दाखला. मालमत्तेवर नोंदलेली खरेदी, बक्षीस, वाटणी, गहाण हे सारे त्यात ओळीने येते. नोंदणी खात्याच्या संकेतस्थळावर तो घरबसल्या मिळतो, आणि तरीही विकणारा माणूस तो क्वचितच आधी वाचतो. गृहकर्ज घेताना दस्त बँकेत ठेवल्याचा करार इथे नोंदवतात. पुढे कर्ज फिटते, कागद परत येतात, पण कर्जफेडीची पावती दुय्यम निबंधकाकडे नोंदवायची राहून जाते. शेवटचा हप्ता कधीच भरलेला असतो, ईसीत मात्र घर अजून गहाणच! मधल्या काळात बँकेचे विलीनीकरण झालेले असले तर सही कोणाची घ्यायची इथपासून सुरुवात. तोवर विसार देऊन बसलेला माणूस एकतर निघून जातो, नाहीतर भाव पाडून मागतो.

वारसाहक्काने आलेल्या घराचे तर विचारूच नका. एक भाऊ पुण्यात, बहीण परदेशात, आणि तहसीलदाराच्या वारस दाखल्यावरच्या प्रत्येकाची सही हवी. 1925च्या वारसा कायद्यामुळे मुंबईप्रमाणे या शहरातही मृत्युपत्राला प्रोबेट (न्यायालयाची मान्यता) घेणे अनेक दशके सक्तीचे होते. जुन्या व्यवहारात ते राहून गेले असेल तर वकील तिथेच बोट ठेवतो. दस्तावर वडिलांच्या नावाचे आद्याक्षर आणि आधारवर आडनाव, एवढ्या फरकानेही प्रतिज्ञापत्राची वारी घडते.

यावर एक आक्षेप कायद्याच्या अंगाने येतो. विक्रेत्याकडे मूळ दस्त मागणारा तमिळनाडूचा नोंदणी नियम सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल 2025मध्ये रद्द केला, मग इतका खटाटोप कशाला? पण नोंदणी झाली म्हणून मालकी सिद्ध होत नाही, हेही त्याच निकालाने सांगितले. मग मालकीची खात्री खरेदीदार कागदांतूनच करून घेणार. दुसरा आक्षेप अधिक रास्त आहे: कागद तपासणे खरेदीदाराचे काम, विकणाऱ्याने फक्त घर नीट दाखवावे. स्वच्छ घराला गिऱ्हाईक लवकर येते, हे मलाही मान्य आहे. मात्र 1882च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचे कलम 55 विकणाऱ्यालाही मोकळे सोडत नाही. खरेदीदाराला नेहमीच्या दक्षतेने कळणार नाही असा घरातला किंवा मालकीतला मोठा दोष आपल्याला ठाऊक असेल, तर तो सांगणे हे विक्रेत्याचे कर्तव्य आहे. डिसेंबर 2015च्या पुरात चेन्नईच्या वेळचेरी आणि मुडिचूर भागांत तळमजले बुडाले. 2023च्या मिचाँग वादळात वेळचेरी पुन्हा पाण्याखाली गेले. अशा घराच्या भिंतीवरची पाण्याची रेघ पुट्टी भरून झाकणे ही तयारी नव्हे. पाणी किती चढले आणि त्यानंतर वायरिंग बदलले का, हे आधीच सांगावे आणि बिले दाखवावीत. भाव थोडा उतरेल, पण पुढे नोटीस येण्याची धास्ती राहणार नाही. म्हणून विकायचा विचार पक्का झाला की सहा महिने आधी ईसी काढावा, कर्जफेडीची पावती नोंदवून घ्यावी, नावातले फरक मिटवावेत, आणि मग खुशाल रंगाऱ्याला बोलवावे.